कौल मागण्यापूर्वी

प्रातिनिधिक लोकशाहीत नागरिक ठरावीक मुदतीने आपले प्रतिनिधी निवडतात आणि कायदे करणे, कर बसवणे, परराष्ट्रांशी तह करणे ही कामे त्यांच्यावर सोपवतात. पाच वर्षांतून एकदा दिलेल्या त्या एका मतात शेकडो प्रश्नांवरची संमती आणि नापसंती, पक्षनिष्ठा, जातीपातीची गणिते, उमेदवाराविषयीचे बरेवाईट ग्रह असे सारे एकत्र मिसळलेले असते. त्यामुळे अमुक एका प्रश्नावर लोकांचे म्हणणे नेमके काय होते, हे त्यातून वेगळे काढून दाखवता येत नाही. एखादा प्रश्न या मिश्रणातून सुटा करून थेट सर्व मतदारांपुढे ठेवला जातो आणि बहुधा दोनच पर्यायांपैकी एक निवडण्यास सांगितले जाते, तेव्हा त्या मतदानाला सार्वमत म्हणतात. राज्यघटनेतील दुरुस्ती, एखाद्या प्रदेशाचे स्वातंत्र्य वा विलीनीकरण, आंतरराष्ट्रीय संघटनेत प्रवेश किंवा तिच्यातून बाहेर पडणे, असे सहजासहजी मागे फिरवता न येणारे निर्णय सार्वमताने घ्यावेत, असा संकेत गेल्या दोन शतकांत अनेक देशांत रुजला आहे. तरीही सार्वमताने काही ठिकाणी जुने तंटे कायमचे मिटले आणि काही ठिकाणी नवे तंटे उभे राहिले. हा फरक मतमोजणीच्या दिवशी पडत नाही. मतपत्रिका छापली जाण्याच्या कितीतरी आधी तो पडलेला असतो, असे या इतिहासाकडे पाहता दिसते.

सार्वमताचे प्रकार ओळखण्यासाठी ते घडवून आणण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि त्याच्या निकालाने कोण बांधले जाते, हे पाहावे लागते. ऑस्ट्रेलियात राज्यघटनेच्या १२८व्या कलमानुसार कोणतीही घटनादुरुस्ती मतदारांपुढे न्यावीच लागते आणि देशभरातील मतदारांचे बहुमत व सहापैकी किमान चार राज्यांतील बहुमत अशी दुहेरी अट पूर्ण झाल्याविना ती अमलात येत नाही. हे अनिवार्य आणि बंधनकारक सार्वमत होय. १९०१ पासून तेथे अशा ४५ प्रस्तावांवर मतदान झाले आणि त्यांपैकी केवळ आठ संमत झाले, यावरून अट किती कडक आहे हे लक्षात यावे. याउलट, सरकारला वाटले तर घेतले जाणारे आणि ज्याचा निकाल कायद्याने कोणावरही बंधनकारक नसतो, ते सल्लादायी सार्वमत. स्वीडनमध्ये १९५५ साली वाहने डावीऐवजी उजव्या बाजूने चालवावीत काय, या प्रश्नावर सुमारे ८३ टक्के मतदारांनी नकार दिला. तरी काही वर्षांनी संसदेने तोच बदल मंजूर केला आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सारा देश रस्त्याच्या उजव्या बाजूला वळवण्यात आला. सल्ला मागावा आणि मानू नये, ही तऱ्हा राज्यकर्त्यांना अनोळखी नसली तरी इतक्या उघडपणे ती क्वचितच पाहायला मिळते. तिसरा प्रकार लोकपुढाकाराचा असून त्यात सरकारच्या इच्छेचा संबंधच नसतो. विहित संख्येने सह्या गोळा करून नागरिक स्वतःच एखादा प्रश्न मतदानाला लावू शकतात.

या साधनाविषयी विचारवंतांच्या मनात जो संशय राहिला, त्याला सबळ कारणे होती. नेपोलियनने १८०२ मध्ये तहहयात सत्ता आणि १८०४ मध्ये सम्राटपद यांवर लोकमताची मोहर उठवून घेतली. त्याचा पुतण्या लुई नेपोलियन याने १८५१ मध्ये आधी सत्ता बळकावली आणि नंतर तिच्यासाठी कौल मागितला. ऑस्ट्रियाच्या विलीनीकरणावर १० एप्रिल १९३८ रोजी नाझी राजवटीने घेतलेल्या मतदानात मतपत्रिकेवर 'होय'साठी मधोमध मोठे वर्तुळ होते, 'नाही'साठी बाजूला लहान वर्तुळ होते आणि निकाल ९९ टक्क्यांहून अधिक 'होय' असा लागला. ही आठवण ताजी असतानाच, १९४५ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी युद्धकालीन संसदेची मुदत वाढवण्यासाठी सार्वमताची सूचना केली, तेव्हा मजूर पक्षाचे नेते क्लेमंट अॅटली यांनी नाझी आणि फॅसिस्ट राजवटींचे हे हत्यार ब्रिटिश परंपरेला परके आहे, असे म्हणून ती झिडकारली. मात्र हुकूमशहाने मागितलेला कौल त्याच्याच बाजूने लागतो, असा नियम नाही. चिलीत ऑगस्तो पिनोशे यांनी स्वतःची मुदत वाढवून घेण्यासाठी ५ ऑक्टोबर १९८८ रोजी घेतलेल्या मतदानात सुमारे ५६ टक्के मते त्यांच्या विरोधात पडली आणि त्यांना अखेर सत्ता सोडावी लागली. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल तर हुकूमशहाही नव्हते; परंतु प्रत्येक सार्वमताला ते स्वतःवरील विश्वासाच्या मतदानाचे रूप देत आणि १९६९ च्या एप्रिलमध्ये प्रादेशिक रचना व सिनेट यांविषयीच्या काहीशा रूक्ष प्रस्तावावर पराभव होताच त्यांनी पद सोडले. प्रश्न एक विचारला जातो आणि उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे मिळते, हा सार्वमतातील नेहमीचा धोका आहे.

स्वित्झर्लंडने या धोक्यावर वेगळाच उपाय शोधला, तो म्हणजे सार्वमत इतके नित्याचे करून टाकणे की त्याला कोणाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न बनवता येऊ नये. तेथे १८७४ पासून संसदेने केलेल्या कायद्याला आव्हान देण्याचा आणि १८९१ पासून घटनेत दुरुस्ती सुचवण्याचा हक्क नागरिकांना आहे. कायदा प्रसिद्ध झाल्यापासून १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या तर तो कायदा मतदानाला जातो, आणि १८ महिन्यांत एक लाख सह्या जमल्या तर घटनादुरुस्तीचा प्रस्ताव. मतदानासाठी वर्षातून साधारण चार रविवार राखलेले असतात आणि त्यापूर्वी प्रत्येक मतदाराच्या घरी प्रस्तावाचा मसुदा, सरकारची भूमिका आणि विरोधकांचे म्हणणे यांची पुस्तिका पोहोचवली जाते. घटनादुरुस्तीसाठी देशातील मतदारांच्या बहुमताबरोबर कँटनांचे, म्हणजे घटक राज्यांचेही बहुमत लागते. संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश करण्याचा प्रस्ताव ३ मार्च २००२ रोजी सुमारे ५४.६ टक्के मतांनी संमत झाला, तरी कँटनांचा कौल १२ विरुद्ध ११ असा अगदी काठावरचा होता. २०१२ मध्ये सर्वांना वर्षाला किमान सहा आठवड्यांची भरपगारी रजा मिळावी, हा प्रस्ताव दोन-तृतीयांश मतदारांनी फेटाळला. लोकांना विचारले की ते फुकटचे मागतात, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

स्विस पद्धतीचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू विसरून चालत नाही. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क द्यावा काय, हे तेथे केवळ पुरुष मतदारांना विचारले गेले आणि त्यांनी १९५९ मध्ये नकार देऊन तो हक्क ७ फेब्रुवारी १९७१ पर्यंत लांबवला. भारतीय स्त्रिया त्या सुमारास पाचव्या लोकसभेसाठी मतदान करण्याच्या तयारीत होत्या. २००९ मध्ये मशिदींचे मिनार बांधण्यावर बंदी घालणारी तरतूद ५७.५ टक्के मतांनी घटनेत दाखल झाली. अल्पसंख्याकांच्या हक्कांचा प्रश्न बहुसंख्याकांच्या मोजणीवर सोडणे हे सार्वमताचे सर्वांत दुबळे स्थान आहे आणि दीडशे वर्षांच्या सवयीनेही ते भरून निघालेले नाही. तरीही स्विस व्यवस्थेत एक मुरलेपण आहे: स्थलांतरावर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव २०१४ मध्ये ५०.३ टक्के मतांनी संमत झाला, तेव्हा युरोपीय संघाशी असलेले करार मोडणार नाहीत अशा सौम्य रूपात संसदेने त्याची अंमलबजावणी केली, आणि ज्यांना हे पटले नाही त्यांना पुन्हा सह्या गोळा करण्याचा मार्ग खुला होता.

ब्रिटनजवळ अशी सवय नव्हती. तेथे १९७५ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी मजूर पक्षातील फूट टाळण्यासाठी युरोपीय समुदायातील सदस्यत्वावर पहिले राष्ट्रव्यापी सार्वमत घेतले आणि ६७ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. २०१६ मध्ये डेव्हिड कॅमेरॉन यांनी हुजूर पक्षातील फूट टाळण्यासाठी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि २३ जूनच्या मतदानात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. प्रश्नाच्या शब्दयोजनेत काळजी घेतली गेली होती. 'सदस्य राहावे काय' या प्रश्नाला होय-नाही असे उत्तर मागितले तर 'होय'कडे झुकते माप जाते, असा सल्ला निवडणूक आयोगाने दिल्यामुळे 'राहावे' आणि 'बाहेर पडावे' असे दोन समतोल पर्याय छापण्यात आले. चूक शब्दांत नव्हती, पर्यायांच्या आशयात होती. 'राहावे' म्हणजे काय, हे सर्वांना ठाऊक होते. 'बाहेर पडावे' म्हणजे काय, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. सदस्य देशांनी आपापसांत जकात न लावता बाहेरच्या मालावर सामाईक जकात लावण्याची व्यवस्था, म्हणजे सीमाशुल्क संघ, सोडायचा की ठेवायचा. माल, सेवा, भांडवल आणि माणसे यांना मोकळी वाट देणाऱ्या एकल बाजारपेठेत राहायचे की नाही. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंडचे प्रजासत्ताक यांच्यामधील खुल्या सीमेचे काय करायचे, या प्रत्येक प्रश्नावर बाहेर पडू इच्छिणाऱ्यांतच मतभेद होते आणि तरी त्या सर्वांची मते एकाच खान्यात मोजली गेली.

परिणाम पुढच्या साडेतीन वर्षांत दिसला. सार्वमत कायद्याने सल्लादायी होते आणि संसदेच्या संमतीविना सरकारला युरोपीय संघ सोडण्याची नोटीस देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये ठरवले. संमती मिळाली, पण बाहेर पडण्याचा जो करार पंतप्रधान थेरेसा मे यांनी आणला तो कॉमन्स सभेने २०१९ च्या पहिल्या तीन महिन्यांत तीनदा फेटाळला. त्याच वर्षी २७ मार्चला सभेने आठ वेगवेगळ्या पर्यायांवर मते अजमावली, तेव्हा आठांपैकी एकालाही बहुमत मिळाले नाही. लोकांनी आज्ञा दिली होती, परंतु तिचा मजकूर लिहायचा राहिला होता, आणि तो लिहिण्यासाठी दोन पंतप्रधान बदलावे लागून अखेर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे ५६ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली होती, आणि कँटनांसारखी दुहेरी बहुमताची अट नसल्यामुळे त्या मतांना एकूण बेरजेपलीकडे वजन नव्हते.

ब्रिटनमध्येच २०१६ च्या अठरा वर्षे आधी काम अगदी उलट क्रमाने झाले होते. उत्तर आयर्लंडमधील तीन दशकांचा रक्तपात थांबवणारा 'गुड फ्रायडे करार' आधी वाटाघाटींतून शब्दन् शब्द ठरला, त्याची प्रत उत्तर आयर्लंडमधील घरोघरी पाठवली गेली आणि मग २२ मे १९९८ रोजी सीमेच्या दोन्ही बाजूंना मतदान होऊन उत्तरेत ७१ टक्के आणि प्रजासत्ताकात ९४ टक्के मतदारांनी त्याला मान्यता दिली. एका सार्वमतात लोकांपुढे मसुदा होता, दुसऱ्यात केवळ क्रियापद होते.

किती मतांनी निर्णय झाला म्हणजे पुरे, हा वादही जुना आहे. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा देण्याच्या प्रस्तावाला १ मार्च १९७९ रोजी ५१.६ टक्के मते पडली, तथापि नोंदणी झालेल्या एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी 'होय' म्हटले पाहिजे, अशी अट कायद्यात असल्याने तो प्रस्ताव बारगळला. घरी बसलेल्यांना अशा अटीमुळे 'नाही'चे मत मिळते, हा तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे. कोलंबियात ऑक्टोबर २०१६ मध्ये नेमके उलटे दृश्य दिसले. अर्ध्या शतकाचे यादवी युद्ध संपवणारा करार सुमारे ३७ टक्के मतदानात ५४ हजारांहून कमी मतांच्या फरकाने फेटाळला गेला, आणि काही फेरबदलांनंतर सरकारने तो पुन्हा लोकांपुढे न नेता संसदेकडूनच मंजूर करून घेतला. क्वेबेकच्या स्वातंत्र्याचा प्रस्ताव १९९५ मध्ये ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्के असा थोडक्यात हरल्यानंतर कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये असे मत दिले की, स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले तर उर्वरित देशावर वाटाघाटी करण्याचे कर्तव्य येते, मात्र त्या बहुमताने देश आपोआप तुटत नाही. सार्वमताचा निकाल म्हणजे संभाषणाचा शेवट की सुरुवात, यावर कोणत्याही न्यायालयाने दिलेले हे बहुधा सर्वांत शहाणपणाचे उत्तर असावे.

आयर्लंडमध्ये १९३७ च्या घटनेनुसार प्रत्येक घटनादुरुस्ती लोकांपुढे न्यावी लागते. १९८३ मध्ये गर्भाच्या जीविताला मातेच्या जीविताइतकाच हक्क देणारी आठवी दुरुस्ती सार्वमताने घटनेत आली. २०१२ मध्ये मूळच्या बेळगावच्या एका तरुण दंतवैद्य स्त्रीला गर्भपात होत असतानाही वेळीच गर्भ काढून टाकण्यास नकार मिळाला आणि गॉल्वे येथील रुग्णालयात तिचा मृत्यू झाला, तेव्हा या तरतुदीविरुद्ध देशभर संताप उसळला. संतापाच्या भरात मतदान घेणे सरकारला सोपे होते. तसे न करता चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या ९९ सामान्य नागरिकांची सभा बसवण्यात आली, तिने डॉक्टर, कायदेपंडित आणि दोन्ही बाजूंचे लोक यांची म्हणणी कित्येक महिने ऐकली, संसदीय समितीने तिच्या शिफारशी तपासल्या, आणि दुरुस्ती रद्द झाल्यास कोणता कायदा आणला जाईल त्याचा आराखडा सरकारने मतदानापूर्वीच प्रसिद्ध केला. २५ मे २०१८ रोजी ६६.४ टक्के मतदारांनी रद्द करण्याच्या बाजूने मत दिले आणि त्यानंतर कायदा कसा असावा यावर ब्रिटनसारखा गोंधळ झाला नाही.

भारताच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. घटना बदलायची तर ३६८व्या कलमाप्रमाणे संसद आणि काही बाबतींत निम्म्या राज्यांची विधिमंडळे पुरेशी असतात. राज्याची सीमा बदलायची तर तिसऱ्या कलमाप्रमाणे संबंधित विधिमंडळाचे मत मागवले जाते आणि निर्णय संसद घेते. आणीबाणीनंतर जनता सरकारने १९७८ मध्ये घटनेचे लोकशाही वा धर्मनिरपेक्ष स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका आणि न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य यांना बाध आणणारी दुरुस्ती सार्वमताविना करता येऊ नये, अशी तरतूद प्रस्तावित केली होती. लोकसभेने ती मान्य केली, राज्यसभेने गाळून टाकली. उपखंडाला मात्र हा अनुभव नवा नव्हता. जुलै १९४७ मध्ये वायव्य सरहद्द प्रांतात भारत की पाकिस्तान एवढेच दोन पर्याय दिले गेले, तिसऱ्या पर्यायाची मागणी नाकारल्यामुळे खान अब्दुल गफार खान यांच्या अनुयायांनी बहिष्कार घातला आणि पाकिस्तानच्या बाजूने २,८९,२४४ तर भारताच्या बाजूने अवघी २,८७४ मते पडली. त्याच महिन्यात सिल्हटचे मतदान शिक्षण व मालमत्तेच्या अटींवर बेतलेल्या मतदारयादीवर झाले आणि चहामळ्यांतले बहुसंख्य मजूर त्या यादीत नव्हते. जुनागढमध्ये फेब्रुवारी १९४८ मध्ये सुमारे १ लाख ९० हजार मतांपैकी पाकिस्तानला ९१ मिळाली. सिक्कीममध्ये एप्रिल १९७५ मध्ये राजपद रद्द करणे आणि भारताचा घटक बनणे हे दोन विषय एकाच प्रश्नात गोवून, विधानसभेच्या ठरावानंतर चारच दिवसांत मतदान उरकण्यात आले. या सर्व निकालांत लोकेच्छा खोटी होती असे म्हणता येणार नाही, पण त्यांत खुल्या विचारविनिमयाला अवकाश फारसा नव्हता.

स्वतंत्र भारतात तो अवकाश खऱ्या अर्थाने मिळाला गोव्यात. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालेला गोवा दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९६३ च्या डिसेंबरात झालेल्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने सत्ता मिळवून दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मगो पक्षाच्या नावातच त्याचा कार्यक्रम होता. भाटकारांच्या, म्हणजे जमीनमालकांच्या, वर्चस्वाखाली राहिलेला बहुजन समाज, त्याची मराठी शाळांवरची आणि मराठी भजन-कीर्तनाच्या परंपरेवरची निष्ठा आणि महाराष्ट्रातील कूळकायद्यांकडे लागलेले डोळे या सर्वांतून विलीनीकरणाची मागणी उभी राहिली होती. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षाचे म्हणणे असे होते की कोकणी ही स्वतंत्र भाषा आहे, गोव्याची घडण वेगळी आहे आणि विलीन झाल्यास तो महाराष्ट्राचा एक दूरचा जिल्हा होऊन राहील. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती, तेव्हा माडांची सूर काढणाऱ्या रेंदेरांपासून फेणीच्या व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांच्या पोटाचा प्रश्नही यात मिसळला होता.

जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. एखाद्या प्रांताच्या निर्वाचित सभेने बहुमताने ठराव केल्यावर आणखी काय हवे, हा मगो पक्षाचा सवाल वरकरणी बिनतोड होता. विरोधकांनी त्याला असे उत्तर दिले की १९६३ चे मत लोकांनी भाटकारशाहीविरुद्ध, नव्या नेतृत्वासाठी, नाना कारणांनी दिले होते. त्यातून विलीनीकरणाची संमती गृहीत धरता येत नाही आणि गोव्याचे अस्तित्वच पुसणारा निर्णय वेगळा विचारला गेला पाहिजे. केंद्राने अखेर हा युक्तिवाद मान्य केला आणि डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी खास कायदा केला. गोव्यातील मतदारांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, आणि दमण व दीवच्या मतदारांनी गुजरातेत विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, एवढेच त्यांना विचारले जाणार होते. सत्तेवर असलेला पक्षच एका बाजूचा असल्यामुळे मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मत द्यावे, ही विरोधकांची मागणी मात्र मान्य झाली नाही.

पुढच्या काही आठवड्यांत गोव्यात जी चर्चा झाली तिची सर किती निवडणुकांना येईल, याची शंकाच आहे. विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते आणि विरोधकांचे दोन पाने. वाडावाड्यांवर सभा होत, उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी गर्दी खेचत, आणि मडगावहून निघणारे 'राष्ट्रमत' हे दैनिक विलीनीकरणाला विरोध करत होते ते मराठीतूनच. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे त्यातले सदर मराठी वाचणाऱ्या हिंदू कुटुंबांत पोहोचले, आणि मराठीचे प्रेम व महाराष्ट्रात विलीन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीतच पटवून देण्याचे अवघड काम त्याने केले. १६ जानेवारी १९६७ रोजी ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. विलीनीकरणाला १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याला १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता. ख्रिस्ती समाजाचे प्रमाण लोकसंख्येच्या निम्म्याहून बरेच कमी असल्याने, हिंदू मतदारांच्या एका मोठ्या गटाने दोन पानांवर शिक्का मारल्याविना हा निकाल लागणे शक्यच नव्हते.

खरी लक्षणीय गोष्ट त्यानंतर घडली. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि जनमत कौल हरलेला मगो पक्षच पुन्हा सत्तेवर येऊन बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. अवघ्या दोन महिन्यांत त्याच मतदारांनी पक्षाला होय आणि त्याच्या मुख्य कार्यक्रमाला नाही म्हटले, आणि १९६३ च्या मताचा अर्थ विलीनीकरण असा लावता येत नाही, हे विरोधकांचे म्हणणे यापेक्षा स्वच्छपणे सिद्ध झाले नसते. बांदोडकरांकडे बहुमत होते, ठराव पुन्हा करता आला असता. परंतु तो प्रश्न त्यांनी मिटला असे मानले. नियम आधी ठरले होते, दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकून काहींचे निवारण झाले होते, हरणाऱ्याला सत्तेचा मार्ग बंद झाला नव्हता, आणि दोन्ही पर्यायांचा अर्थ मतदाराला कळत होता. ब्रिटनला पन्नास वर्षांनी जे जमले नाही ते या चिमुकल्या प्रदेशाला जमले होते. पर्यायांत स्वतंत्र राज्याचा समावेश नव्हता, हे वैगुण्य खरे. तो दर्जा ३० मे १९८७ रोजी संसदेच्या कायद्याने आला.

ज्या हिवाळ्यात गोव्याची मतपत्रिका तयार होत होती, त्याच हिवाळ्यात शेजारी बेळगावचा प्रश्न दुसऱ्या वाटेने चालला होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या मराठीभाषक गावांसाठी सेनापती बापटांनी उपोषण केले आणि ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्राने न्या. मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ च्या त्याच्या अहवालाने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवण्याची शिफारस केली, ती महाराष्ट्राने फेटाळली आणि म्हैसूरने उचलून धरली. गोव्याप्रमाणे येथेही लोकांना विचारायला हवे होते, असे मराठी वाचकाला सहज वाटेल; परंतु येथे अडचण प्रश्नाच्या नव्हे, मतदारसंघाच्या पातळीवर होती. लोकांनी निर्णय घ्यावा हे ऐकायला वाजवी वाटते, पण लोक म्हणजे कोण हे कोणीतरी आधी ठरवल्याशिवाय लोकांना निर्णय घेता येत नाही, असे ब्रिटिश घटनातज्ज्ञ आयव्हर जेनिंग्ज यांनी १९५६ मध्येच दाखवून दिले होते. गोव्यात ही मर्यादा पोर्तुगीज सत्तेच्या इतिहासाने आखून दिली होती आणि ती कोणी नाकारली नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांत फुलाला बहुमत होते, तरी सासष्टीच्या प्रचंड विरोधी मतांसह सारा गोवा एकच घटक म्हणून मोजला गेला आणि तेथील विलीनीकरणवाद्यांनीही तालुकावार मोजणीचा हट्ट धरला नाही. सीमाभागात महाराष्ट्राची भूमिका खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार तत्त्वांवर उभी होती, तर म्हैसूरला १९५६ ची आखणी अंतिम वाटत होती. जिल्हा हा घटक धरला तर निकाल एक लागेल आणि खेडे धरले तर दुसरा, हे दोन्ही राज्यांना एकही मत न मोजता ठाऊक होते. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि बेळगाव, निपाणी, कारवार यांसह ८६५ गावांवर हक्क सांगणाऱ्या या राज्याचे म्हणणे आजही खेड्यापासूनच सुरू होते.